ड्राय क्लीनिंग: कपडा देण्यापूर्वी, देताना आणि परत घेताना

लोकरीचा कोट, रेशमी वस्त्र किंवा अस्तर लावलेला सूट पहिल्यांदा घरात आला की तो मळल्यावर काय करायचे, हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. काही जण धास्तीपोटी प्रत्येक चांगला कपडा ड्राय क्लीनिंगला देतात, तर काही जण खर्च वाचवण्यासाठी सगळेच बादलीत बुडवतात. नुकसान दोन्हीकडे होऊ शकते. असे कपडे वर्षानुवर्षे वापरून, धुऊन आणि धुवायला देऊन माझे एक मत पक्के झाले आहे. कपडा परत कसा येतो, हे यंत्रावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच तो देण्यापूर्वी आपण काय तपासले आणि देताना काय सांगितले यावरही असते. म्हणून हा लेख कपडा हातात घेतल्यापासून तो पुन्हा कपाटात ठेवेपर्यंतच्या क्रमाने लिहिला आहे.

१. आधी प्रक्रिया समजून घ्या

ड्राय क्लीनिंगमध्ये कपडा पूर्ण भिजतो. फक्त तो पाण्यात न भिजता तेल आणि चिकटपणा विरघळवणाऱ्या एका द्रव रसायनात भिजतो. या रसायनाला द्रावक म्हणतात. पाणी लोकर, रेशीम, सूत यांच्या धाग्यात शिरते आणि धागा फुगवते. वाळताना तोच धागा पुन्हा आक्रसतो. कापड आटणे, शिवण ओढली जाणे, अस्तर खाली लोंबणे या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा या फुगण्या-आक्रसण्यातच असते. द्रावक धाग्याला असे फुगवत नाही, म्हणून कपड्याचा आकार टिकतो.

ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतील शिंपी थॉमस जेनिंग्ज यांना १८२१ साली कपडे कोरड्या पद्धतीने स्वच्छ करण्याच्या तंत्राचे पेटंट मिळाले होते. पुढे टर्पेंटाइन, बेंझिन, रॉकेल, पेट्रोल अशी द्रावके वापरात आली, पण ती चटकन पेट घेत आणि कारखान्यांना आगी लागत. १९३० च्या दशकापासून परक्लोरोइथिलीन या द्रावकाचा प्रसार झाला, त्याचे मोठे कारण ते पेट घेत नाही हेच होते. ते १२१ अंश सेल्सिअसला उकळते, पाण्याच्या दीडपटीहून अधिक जड असते आणि तेलकट मळ अतिशय चांगला काढते. व्यवसायात त्याला थोडक्यात ‘पर्क’ म्हणतात. याशिवाय पेट्रोलियमपासून बनवलेली सौम्य हायड्रोकार्बन द्रावके, सिलिकॉनवर आधारित द्रावके आणि दाबाखाली द्रवरूप केलेला कार्बन डायऑक्साइड यांचाही वापर होतो.

यंत्रात कपडे टाकून दार बंद केले की टाकीतले द्रावक ड्रममध्ये येते. त्यात थोडे डिटर्जंट आणि अगदी अल्प पाणी मिसळलेले असते. ड्रम फिरत असताना द्रावक सतत गाळणीतून जात राहते, त्यामुळे सुटलेली धूळ पुन्हा कपड्यावर बसत नाही. काही मिनिटांनी द्रावक काढून घेतले जाते, ड्रम वेगाने फिरवून कपडे पिळले जातात आणि त्याच ड्रममध्ये सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या गरम हवेने वाळवले जातात. त्या हवेतली वाफ थंड करून पुन्हा द्रवरूपात मिळवतात. वापरलेले द्रावक उकळून, त्याची वाफ वेगळी करून शुद्ध केले जाते आणि मळ तळाशी उरतो. या शुद्धीकरणात हयगय झाली की पांढरे कपडे करडे पडतात आणि कपड्यांना जुनाट वास येतो. एखाद्या ठिकाणाहून कपडे वारंवार असे येत असतील, तर ते ठिकाण बदलावे.

मात्र खरे कसब यंत्राबाहेर, डाग काढण्याच्या टेबलावर असते. हे टेबल निमुळते असते आणि त्यावरच्या जाळीतून खालच्या बाजूला हवा खेचली जाते. कारागीर डागाखाली जाळी येईल असा कपडा पसरतो, त्यावर रसायनाचे एक-दोन थेंब टाकतो आणि चपट्या, गुळगुळीत पट्टीने डाग हलकेच दाबत राहतो. तो घासत नाही. मग बारीक नळीतून वाफ सोडतो आणि सुटलेला डाग जाळी खाली ओढून घेते. डाग कशाचा आहे हे माहीत नसेल, तर तो आधी तेलकट डागांची रसायने वापरून पाहतो आणि मगच पाण्याच्या रसायनांकडे वळतो, कारण उलट क्रमाने गेले तर तेलाचा डाग निघणे अवघड होते. डागाची माहिती दिल्याने त्याचे काम किती बदलते, हे यावरून लक्षात यावे.

२. लेबल वाचा

कपड्याच्या आत, बहुधा मानेपाशी किंवा बाजूच्या शिवणीत, निगेच्या चिन्हांची पट्टी शिवलेली असते. पाण्याचा टब म्हणजे धुणे, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणे, इस्त्री म्हणजे इस्त्री आणि वर्तुळ म्हणजे व्यावसायिक स्वच्छता. कोणत्याही चिन्हावर फुली असेल तर ती क्रिया करायची नाही.

आपल्या कामाचे चिन्ह वर्तुळ आहे. त्यात ‘पी’ हे रोमन अक्षर असेल, तर कपडा परक्लोरोइथिलीनमध्ये स्वच्छ करता येतो. ‘एफ’ असेल, तर तो फक्त हायड्रोकार्बनसारख्या सौम्य द्रावकात टाकायचा असतो, आणि असा कपडा पर्कच्या यंत्रात गेला तर बिघडू शकतो. ‘डब्ल्यू’ म्हणजे व्यावसायिक ओली स्वच्छता, म्हणजे पाण्यातच, पण ड्रमचा वेग, तापमान आणि वाळवणे काटेकोरपणे नियंत्रित करणाऱ्या यंत्रात. वर्तुळाखाली एक आडवी रेघ असेल तर प्रक्रिया सौम्य हवी, दोन असतील तर अतिसौम्य.

इथे नवख्यांचा एक गैरसमज हमखास होतो. लेबलवर ‘ड्राय क्लीन’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती पद्धत सुरक्षित आहे एवढाच त्याचा अर्थ. दुसरी कोणतीही पद्धत चालणार नाही, असे त्यातून निघत नाही. ‘फक्त ड्राय क्लीन’ असे लिहिले असेल किंवा टबावर फुली असेल, तेव्हा मात्र पाणी टाळावे. लेबल कापून टाकण्याची सवय अनेकांना असते, कारण ते मानेला टोचते. कापायचेच असेल तर ते कपड्याच्या नावासह जपून ठेवा किंवा त्याचे छायाचित्र काढा.

३. कपड्याला ड्राय क्लीनिंग खरोखर हवे आहे का, ते ठरवा

लोकरीचा केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यावर एकाच दिशेने एकमेकांवर चढलेले खवले दिसतात. गरम पाण्यात, साबणात आणि घुसळण्यात हे केस एकमेकांत सरकतात, खवले एकमेकांत अडकतात आणि मग ते मागे येऊ शकत नाहीत. कापड लहान, जाड आणि नमद्यासारखे घट्ट होते. हा बदल कायमचा असतो. ताणून, इस्त्री करून किंवा पुन्हा धुऊन तो उलटवता येत नाही. सूटचा कोट, ओव्हरकोट, बारीक विणीची लोकरी पँट यांना म्हणूनच ड्राय क्लीनिंग योग्य. याउलट, हाताने धुण्याचे चिन्ह असलेला लोकरी स्वेटर गार पाण्यात, लोकरीच्या सौम्य साबणात, न चोळता आणि न पिळता घरी धुतला तरी उत्तम राहतो.

अस्तराचा कोट हा वेगळाच प्रकार आहे. त्यात बाहेरचे कापड, आतले अस्तर आणि दोहोंमध्ये आकार धरून ठेवणारे कॅनव्हास किंवा चिकटवलेले बक्रम असते. पाण्यात हे तिन्ही थर वेगवेगळ्या प्रमाणात आटतात आणि छातीवर, कॉलरवर फुगे येतात. त्यामुळे बाहेरचे कापड सुती असले, तरी असा कोट पाण्यात टाकू नये.

रेशीम पाण्याने नेहमीच खराब होते असे नाही. खरा धोका असतो तो रंगाचा. गडद रंगाच्या, छापील किंवा दोन रंगांच्या रेशमाचा रंग पाण्यात पसरू शकतो, पीळदार धाग्याचे क्रेप आटते आणि कापडाची तकाकी जाते. व्हिस्कोसचा धागा ओला झाला की त्याची ताकद फार कमी होते, म्हणून लेबलवर परवानगी नसेल तर तेही पाण्यात घालू नये. मखमल, चुण्या पाडलेले कपडे आणि भारी जरीकाम यांनाही हाच नियम लावावा.

सुती शर्ट, लिननचे साधे कपडे, पॉलिस्टर, नायलॉन यांना ड्राय क्लीनिंगची सहसा गरज नसते. घामाचे कपडे तर पाण्यातच चांगले निघतात, कारण घामातले क्षार द्रावकात विरघळत नाहीत.

काही वस्तूंना तर ड्राय क्लीनिंगच घातक ठरते. पीव्हीसीचा थर दिलेले किंवा रेक्झिनसारखे कापड पर्कमध्ये मऊपणा गमावते आणि कडक होऊन तडकते. पॉलिस्टायरीनची बटणे त्यात विरघळतात आणि त्यांचा रंग आजूबाजूच्या कापडाला लागतो. गोंदाने चिकटवलेले मणी, खडे, टिकल्या सुटतात; काही टिकल्यांचा रंग जाऊन त्या नुसत्या पारदर्शक उरतात. रबर आणि रबरी छपाईचीही तीच गत होते. चामडे आणि स्वेड या वस्तू त्यांचेच काम करणाऱ्याकडे द्याव्यात, नेहमीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यात कधीही घालू नयेत.

लेबल नसेल आणि कापड ओळखू येत नसेल, तर रंगाची चाचणी घ्या. आतल्या शिवणीची जास्तीची कड शोधा, कापसाचा बोळा गार पाण्यात भिजवून तिथे लावा आणि त्यावर पांढरे सुती कापड मिनिटभर दाबून धरा. पांढऱ्या कापडावर रंग उतरला, तर त्या कपड्याला पाणी लावू नका.

४. डाग पडला की काय करावे, काय करू नये

डागांचे ढोबळ दोन प्रकार मानावेत. तेल, तूप, लिपस्टिक, मेण, वंगण हे द्रावकात विरघळतात. चहा, कॉफी, फळांचा रस, सरबत, घाम, दूध, रक्त यांना मात्र पाण्याची गरज लागते, आणि नुसत्या यंत्रातून गेल्याने ते निघत नाहीत. ड्राय क्लीनिंगला दिल्यावर सगळे डाग आपोआप जातात, ही समजूत चुकीची आहे. दुसऱ्या प्रकारचे डाग टेबलावर हाताने काढावे लागतात, आणि ते दाखवून दिले नाहीत तर राहून जाण्याची शक्यता मोठी असते.

सर्वांत फसवा डाग साखरेचा. लिंबूपाणी किंवा फळांचे पेय सांडले, वाळले आणि काहीच दिसेनासे झाले, की आपण ते विसरून जातो. साखर मात्र धाग्यातच असते. काही आठवड्यांनी हवेमुळे, किंवा वाळवण्याच्या आणि इस्त्रीच्या उष्णतेमुळे, ती पिवळी-तपकिरी होते. ग्राहकाला वाटते, दुकानाने डाग पाडला. प्रत्यक्षात तो आधीपासूनच तिथे असतो. म्हणून न दिसणाऱ्या सांडण्याबद्दलही सांगावे, आणि जागा लक्षात राहावी म्हणून तिथे रंगीत दोऱ्याचा एक सैल टाका घालून ठेवावा.

डाग पडताच पांढरे, कोरडे, शोषून घेणारे कापड त्यावर दाबा, उचला आणि कोरडी जागा घेऊन पुन्हा दाबा. घट्ट पदार्थ बोथट सुरीने उचलून घ्या. एवढेच करून थांबा. ओल्या रेशमाला घासले तर वरचे तंतू तुटतात आणि तिथे पांढुरका, खरखरीत पट्टा उमटतो. तो डाग नसून कापडाचीच झीज असल्यामुळे कोणीही तो काढू शकत नाही. गरम पाण्याने रक्त आणि दूध कापडात बसून जातात. डागावर इस्त्री फिरवणे हा तर तो पक्का करण्याचा खात्रीचा मार्ग आहे. अत्तर आणि केसांचा स्प्रे यांतल्या अल्कोहोलने रेशमाचा रंग उडू शकतो, म्हणून ते आधी लावून, पूर्ण सुकू देऊन मगच कपडा घालावा.

घरी पेट्रोल, थिनर किंवा रॉकेलने डाग काढण्याचा प्रयोग कृपया करू नका. त्यांची वाफ खोलीभर पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. नेलपॉलिश काढण्याचे ॲसिटोनही धोक्याचे आहे, कारण ॲसिटेटचे अस्तर त्यात अक्षरशः विरघळते. ड्रायरमध्ये घालायचे जे ‘घरगुती ड्राय क्लीनिंग’ संच मिळतात, त्यांनी वास आणि सुरकुत्या थोड्या कमी होतात. पण त्यांत द्रावकात धुण्याची, गाळण्याची क्रिया होतच नाही.

५. कपडा देण्यापूर्वीची तयारी

सगळे खिसे उलटे करून पाहा. खिशात राहिलेले एक पेन साऱ्या गठ्ठ्यावर शाई पसरवू शकते. पिना, ब्रोच, काढता येणारी बकले, खांद्याचे पॅड आणि शंका वाटणारी बटणे काढून ठेवा. उसवलेली शिवण आधी टाचून घ्या, कारण ड्रममध्ये ती वाढते. कपड्याची पुढून, मागून आणि आधीच असलेल्या दोषांची जवळून छायाचित्रे काढा. कोट आणि पँट, किंवा एकाच कापडाचे जे काही भाग असतील, ते सगळे एकदमच द्या. प्रत्येक स्वच्छतेत रंगात किंचित फरक पडू शकतो, आणि एकच भाग वारंवार दिल्यास जोडीचे रंग जुळेनासे होतात.

सोबत ठेवण्याच्या गोष्टी मोजक्याच आहेत:

• लेबल किंवा त्याचे छायाचित्र
• डागांची यादी: कुठे, कशाचा, केव्हाचा आणि त्यावर घरी काय लावले
• कपड्याची छायाचित्रे
• किमती कपडा असल्यास खरेदीची पावती
• जास्तीचे बटण असल्यास तेही

यादीतली ‘घरी काय लावले’ ही नोंद देताना लोक संकोचतात. तो संकोच सोडावा, कारण साबण, ब्लीच किंवा व्हिनेगर आधी लागलेले असेल, तर कारागिराला रसायन बदलावे लागते.

६. दुकानात काय विचारावे

काम त्याच ठिकाणी होते की दुसरीकडे पाठवले जाते, कोणते द्रावक वापरतात, आणि डाग आधी हाताने पाहतात का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देणारा माणूस कपडा उलटून लेबल पाहतो की न पाहताच पावती फाडतो, यावरूनही बरेच कळते. डाग निघेलच अशी ठाम हमी देणाऱ्यापेक्षा ‘प्रयत्न करू, पण रंग जाऊ लागला तर थांबू’ असे सांगणाऱ्यावर मी अधिक विश्वास ठेवतो.

पावतीवर कपड्याचे नाव, रंग, दाखवलेले डाग, आधीचे दोष आणि परत देण्याची तारीख लिहून घ्या. पावतीच्या मागच्या बाजूला नुकसानभरपाईची मर्यादा छापलेली असते. ती कपडा देण्यापूर्वी वाचावी, नंतर वाचून उपयोग नसतो. फार किमती किंवा जुने वस्त्र असेल, तर आतल्या कडेवर चाचणी करूनच पुढे जाण्यास सांगा आणि तेही लिहून घ्या.

७. परत घेताना

कपडा प्लॅस्टिकच्या आवरणातून तिथेच बाहेर काढा आणि उजेडात पाहा. डागाच्या जागा, काख, कॉलर, बटणे, अस्तराची खालची कड आणि गडद कापडावर इस्त्रीची चकाकी, एवढे तपासावे. डाग राहिला असेल तर तो वापरण्यापूर्वी, आणि घरी इस्त्री करण्यापूर्वी, परत द्या. जितका उशीर, तितका तो पक्का होतो.

मग कपड्याचा वास घ्या. नीट वाळवलेल्या कपड्याला रसायनाचा उग्र वास येत नाही. वास येत असेल, तर जाड भागांत, म्हणजे खांद्याच्या पॅडमध्ये आणि अस्तरामागे, द्रावक राहिले आहे असे समजावे आणि तो पुन्हा वाळवून मागावा. हा आग्रह क्षुल्लक नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने परक्लोरोइथिलीनला ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्राय क्लीनिंगमधील त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम जाहीर केला. सर्वाधिक धोका रोज त्या वाफेत काम करणाऱ्यांना असतो. तरीही वास येणारा कपडा बंद गाडीत किंवा झोपण्याच्या खोलीत ठेवू नये, आणि तो तसाच अंगावरही घालू नये. जिथे हायड्रोकार्बन द्रावक किंवा व्यावसायिक ओली स्वच्छता उपलब्ध आहे आणि लेबल परवानगी देते, तिथे मी तोच पर्याय निवडतो.

८. घरी आणल्यावर, आणि पुढची वेळ कधी

प्लॅस्टिकचे आवरण काढून टाका. ते दमटपणा आत कोंडते. ते फक्त घरापर्यंत आणण्यासाठी असते. कपडा काही तास सावलीत, वाऱ्यावर टांगा. तारेच्या हँगरने खांद्याला टोके येतात, म्हणून कोटासाठी रुंद खांद्याचा हँगर वापरा. विणलेले स्वेटर टांगू नका, घडी करून ठेवा.

प्रत्येक वापरानंतर ड्राय क्लीनिंग करणे अनावश्यक आहे आणि कपड्याचे आयुष्य कमी करणारेही आहे. सूट काढल्यावर मऊ ब्रशने वरून खाली झाडावा, रात्रभर मोकळ्या हवेत टांगावा आणि शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी लगेच घालू नये. सुरकुत्यांसाठी वाफ पुरेशी होते. कपडा उघड मळला, त्यावर डाग पडला किंवा हवेत टांगूनही वास गेला नाही, म्हणजे तो देण्याची वेळ झाली. ओव्हरकोटाला हंगामाच्या शेवटी एकदा पुरते.

हंगाम संपताना मात्र आळस करू नये. लोकर आणि रेशीम खाणाऱ्या कसरीच्या अळ्या घाम आणि अन्नाचे डाग असलेल्या कापडावर अधिक जोमाने वाढतात, म्हणून न धुतलेला लोकरी कपडा कपाटात ठेवणे म्हणजे कसरीला आमंत्रणच. ड्राय क्लीनिंगमध्ये तिची अंडी आणि अळ्या मरतात, पण नंतर पुन्हा लागण होऊ नये याची सोय त्यात नसते. स्वच्छ कपडा सुती पिशवीत घालून, पिशवीचे तोंड घट्ट बांधून, आधी झाडून घेतलेल्या कोरड्या कपाटात ठेवावा. डांबराच्या गोळ्या ठेवायच्याच असतील, तर त्या कपड्याला आणि प्लॅस्टिकच्या बटणांना टेकणार नाहीत अशा ठेवा, आणि मधूनमधून पिशवी उघडून कॉलरची खालची बाजू व खिशांच्या शिवणी पाहत जा, कारण कसर अंधाऱ्या घडीतच आधी लागते.